घर घ्याल; विकाल कोणाला?

शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत परदेशातल्या घरांची प्रदर्शनं लागतात. बहुतेक दुबईची, अधूनमधून आणखी एखाद्या देशाची. टेबलापलीकडचा माणूस किंमत सांगतो, भाडं किती येईल ते सांगतो, व्हिसा मिळेल हेही सांगतो. एक गोष्ट तो आपणहून सांगत नाही, आणि टेबलाअलीकडे बसलेली आपली माणसंही विचारत नाहीत. पाच वर्षांनी हे घर विकायची वेळ आली, तर घेणारा कोण असेल? तो कोणत्या चलनात पैसे देईल? आणि ते पैसे त्या देशाबाहेर नेऊ देतील का?

या आठवड्यात एवढाच विषय.

परदेशात घर घ्यायची इच्छा आपल्या लोकांना उगाच होत नाही, हे आधी मान्य करतो. 2014 साली साठ रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर 2025 मध्ये पंच्याऐंशीच्या पुढे गेला. मुलाची फी डॉलरमध्ये भरणाऱ्या आई-बापाला रुपयाची घसरण अर्थतज्ज्ञाने समजावून द्यावी लागत नाही. सगळी पुंजी एकाच चलनात ठेवू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ‘रुपया घसरतोय’ इथून ‘म्हणून परदेशात फ्लॅट घेऊ’ इथपर्यंत एका उडीत पोचता येत नाही. त्यातही जो देश स्वतःच डळमळतोय, तिथलं घर ‘आत्ता स्वस्त मिळतंय’ म्हणून घेणं ही उडी तर डोळे मिटून मारलेली आहे.

तुर्कस्तान घ्या. गेल्या काही वर्षांत अस्थिर अर्थव्यवस्थेत घर घेणाऱ्यांचं काय होतं, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच देशाने दाखवलेलं नाही.

2018 च्या सुरुवातीला एका डॉलरला पावणेचारच्या आसपास लिरा मिळत. ऑगस्टमध्ये ते सातच्या घरात गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने परदेशी लोकांसाठी दार उघडलं. नागरिकत्वासाठी दहा लाख डॉलरची मालमत्ता घ्यावी लागे, ती अट अडीच लाख डॉलरवर आणली. घर तीन वर्षं विकायचं नाही, एवढं पाळलं की पासपोर्ट. जगभरचे दलाल कामाला लागले. लिरा पडलेला, त्यामुळे डॉलरवाल्याला इस्तंबूल स्वस्त, वर नागरिकत्व. हे कागदावर इतकं छान दिसत होतं की लिरा का पडतोय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

लिरा का पडत होता? राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांचं ठाम मत होतं की व्याजदर वाढवले की महागाई वाढते. बाकी जगात मध्यवर्ती बँका याच्या उलट वागतात. 2021 च्या सप्टेंबरमध्ये 19 टक्के असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत 14 वर आणला गेला. महागाई चढत होती आणि दर उतरत होते. त्या डिसेंबरात लिरा डॉलरला अठराच्याही खाली घसरला. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारच्याच आकड्यांनुसार वार्षिक महागाई 85 टक्क्यांवर गेली. 2023 ची निवडणूक झाल्यावर अर्थमंत्री बदलले, धोरण फिरलं आणि मार्च 2024 मध्ये व्याजदर 50 टक्के झाला. आठ-साडेआठ टक्क्यांवरून पन्नास, आणि तेही एका वर्षाच्या आत. 2025 च्या मध्यापर्यंत डॉलरला चाळीस लिरा झाले होते.

आता याच काळात तिथे घर घेतलेल्या परदेशी माणसाच्या जागी बसून बघा.

जानेवारी 2022 पासून नियम आला की परदेशी माणसाने घर घेताना आपलं परकी चलन आधी तिथल्या बँकेला विकायचं, त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, मगच दस्त होईल. सरकारला डॉलर हवे होते. ते तुमच्या घराच्या वाटेने आले. तुमच्या हातात लिरामधलं घर राहिलं. डॉलर आत नेताना वाट रुंद होती. परतीची वाट किती रुंद राहील, हे पुढच्या सरकारच्या मर्जीवर. जून 2022 मध्ये नागरिकत्वाची अट अडीच लाखांवरून चार लाख डॉलरवर गेली. म्हणजे अडीच लाखांचं घर घेऊन, ‘पुढचा परदेशी माणूस हेच घर पासपोर्टसाठी जास्त पैसे देऊन घेईल’ असा ज्यांचा हिशेब होता, त्यांच्या घराचं पासपोर्टमूल्य एका सहीने गेलं. आणि परदेशी ग्राहकच आटले. 2022 मध्ये तुर्कस्तानात परदेशी लोकांनी सदुसष्ट हजारांहून अधिक घरं घेतली होती. 2024 मध्ये हा आकडा चोवीस हजारांच्या आत आला. परदेशी माणूस परदेशी माणसाला विकेल, या भरवशावर घेतलेल्या घराला दोन वर्षांत गिऱ्हाईक जवळपास दोन तृतीयांशांनी कमी झालं.

मग उरतो स्थानिक ग्राहक. तो लिरात कमावतो. गृहकर्जाचे दर चाळीस टक्क्यांच्या घरात गेल्यावर त्याने तुमचं घर घ्यायचं कशाने?

भाड्याचं सांगतो, कारण ‘भाडं तर चालू राहील’ हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात ऐकू येतं. जून 2022 मध्ये तुर्कस्तानने कायदा केला: राहत्या घराचं भाडं वर्षाला 25 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. हा कायदा 1 जुलै 2024 पर्यंत चालला. 25 टक्के हा आकडा आपल्याला प्रचंड वाटतो. त्या देशात तो तोट्याचा आकडा होता. समजा जून 2022 मध्ये भाडं 5,000 लिरा होतं. तेव्हाच्या दराने साधारण 290 डॉलर. पूर्ण 25 टक्के वाढवत नेलं, तरी दोन वर्षांनी ते 7,800 लिरा झालं; डॉलरमध्ये 240 च्या आसपास. कागदावर भाडं दीडपटीहून जास्त वाढलं, आणि पुण्यात बसलेल्या मालकाच्या हातात मात्र सहावा हिस्सा कमी आला. यात रिकाम्या महिन्यांचं नुकसान, एजंटचं कमिशन, दुरुस्ती, कर धरलेलंच नाही.

भाडेकरूला मी दोष देणार नाही. पगार लिरात, भाजीपाला दर महिन्याला महाग, आणि बाजारात नवीन घराचं भाडं तिप्पट झालेलं. घर सोडून तो जाणार कुठे? मालक त्याला काढायला बघणारच, तो राहायला बघणारच. कोर्टात इतके दावे साचले की सप्टेंबर 2023 पासून खटल्याआधी मध्यस्थाकडे जाणं सक्तीचं करावं लागलं. मुंबईकराला हे समजायला जड जाऊ नये. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली. पागडीच्या इमारतींची अवस्था आपण रोज बघतो. महागाई वाढली की कुठलंही सरकार घरमालकापेक्षा भाडेकरूकडे आधी बघतं. मतं भाडेकरूंची जास्त असतात, आणि परदेशी मालकाला तर मतच नसतं. हे अन्यायाचं आहे असं मी म्हणत नाही. गुंतवणूक करणाऱ्याने ते हिशेबात धरलं पाहिजे, एवढंच.

आता इमारतीकडे या. 6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानच्या दक्षिण भागात भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. अंताक्या शहरात ‘रोनेसान्स’ नावाची बारा मजली आलिशान इमारत होती, जुनाट नव्हे, दहाएक वर्षांपूर्वी बांधलेली. ती आडवी झाली आणि शेकडो माणसं खाली गेली. तिचा बिल्डर देश सोडून जाताना इस्तंबूलच्या विमानतळावर पकडला गेला. त्याआधी 2018 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सरकारने बेकायदा आणि नियमबाह्य बांधकामं दंड भरून नियमित करून घ्यायची सवलत दिली होती. आपल्याकडे गुंठेवारी आणि अनधिकृत मजले नियमित करण्याचं राजकारण ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यावर जास्त बोलायला नको. फरक एवढाच की आपल्या गावात आपण इमारत बघून, शेजाऱ्याला विचारून, महापालिकेत कागद काढून अंदाज तरी बांधू शकतो. पाच हजार किलोमीटरवरच्या इमारतीच्या खांबात सळई किती आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? ज्याला विकायची आहे, तोच सांगणार.

‘पण तिथे किमती तर वाढतच होत्या ना!’ हो, वाढत होत्या. 2022 मध्ये तुर्कस्तानात घरांच्या किमती एका वर्षात दीडशे टक्क्यांहून जास्त चढल्या. इथे बारकाईने बघायला हवं. तिथले लोक घरं घेत होते कारण त्यांना लिरा हातात ठेवायचा नव्हता. बँकेत महागाईच्या मानाने व्याज नाही, डॉलर घ्यावा तर सरकारची वाकडी नजर, मग उरतं सोनं आणि सिमेंट. ही वाढ भरवशाची नव्हती, भीतीची होती. लेबनॉनमध्ये याहून भयंकर रूप दिसलं. 2019 च्या अखेरीस तिथल्या बँकांनी लोकांच्या ठेवी अडवल्या. डॉलरचं खातं होतं, पण डॉलर काढता येत नव्हते. लोकांनी बँकेचे चेक देऊन घरं घेतली, कारण अडकलेला पैसा बाहेर काढायचा तेवढाच मार्ग होता. बिल्डरांनी ते चेक घेतले, कारण त्यातून त्यांची बँकेची कर्जं फिटत होती. बैरूतच्या घरबाजारात तेव्हा अचानक धांदल उडाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, तेजी आली. आत राहणाऱ्याला माहीत होतं, लोक बुडत्या बँकेतून पळतायत. ज्या देशात स्थानिक माणूस आपल्याच चलनापासून पळण्यासाठी घर घेतो, तिथे तुम्ही आपलं चांगलं चलन घेऊन आत शिरता, तेव्हा तो ज्या दाराने बाहेर पडतोय त्याच दाराने तुम्ही आत जाता.

अर्जेंटिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे पेसोवर कोणाचाच विश्वास नाही, म्हणून घरांच्या किमती कित्येक दशकं डॉलरमध्येच बोलल्या जातात, आणि खरेदी रोख डॉलर मोजून होते. डिसेंबर 2001 मध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला 250 पेसोपेक्षा जास्त काढायला बंदी घातली. पुढच्याच महिन्यात पेसोची डॉलरशी असलेली गाठ सुटली आणि त्यापाठोपाठ डॉलरच्या ठेवी सक्तीने पेसोत बदलल्या गेल्या. तेव्हा बँकेत पैसे असलेला माणूस बुडाला आणि घर असलेला तुलनेने तरला. हे खरं आहे. 2023 च्या आसपास बुएनोस आयरेसमध्ये तळाला आलेल्या किमतीत ज्यांनी रोखीने घर घेतलं, त्यांना नंतरच्या वाढीचा फायदा झाला, हेही खरं. पण तो फायदा कोणाला झाला? ज्याच्याकडे कर्ज नसलेला पैसा होता, ज्याला तो दहा वर्षं लागणार नव्हता, आणि ज्याला ते शहर माहीत होतं. यातली एकही अट खोटी असेल, तर ती गोष्ट तुमची नाही.

सायप्रस एका वाक्यात. मार्च 2013 मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या बँकेतल्या एक लाख युरोवरच्या ठेवींतला जवळपास निम्मा भाग बँक वाचवायला कापून घेतला गेला; म्हणजे घर विकून आलेला पैसा त्या आठवड्यात त्या खात्यात असता, तर घरही गेलं असतं आणि बराचसा पैसाही.

आता दुबई, कारण आपल्या वाचकांना तीच जवळची. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून पुण्यापर्यंत कित्येक घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे किंवा होतं. तिथे चलनाचा प्रश्न नाही. 1997 पासून दिऱ्हॅम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. म्हणून लोक म्हणतात, ‘दुबई म्हणजे डॉलरच.’ चलन स्थिर आहे म्हणून बाजार स्थिर असतो असं नाही. 2002 मध्ये परदेशी लोकांना मालकी हक्काने घरं घ्यायला परवानगी मिळाली, 2006 मध्ये त्याचा रीतसर कायदा आला, आणि 2008 पर्यंत लोक बांधून न झालेले फ्लॅट नुसत्या बुकिंगवर हातोहात विकत होते. मग जागतिक संकट आलं. किमती जवळपास निम्म्यावर कोसळल्या. 25 नोव्हेंबर 2009 ला ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदतवाढ मागितली. अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले तेव्हा वेळ निभावली. जानेवारी 2010 मध्ये जगातल्या सर्वांत उंच इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा ‘बुर्ज दुबई’ हे नाव बदलून अबू धाबीच्या शासकांच्या नावावरून ‘बुर्ज खलिफा’ ठेवलं गेलं.

हा इतिहास मी एका कारणासाठी सांगतोय. तेव्हा तिथे चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा होता, आणि हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक आधीच दिलेले असत. नोकरी गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की देश सोडायचा, हप्ता चुकला की तुरुंग. लोक गाड्या विमानतळावर टाकून निघून गेले. एकाच झटक्यात नोकरी, घर, कर्ज फेडण्याची ताकद आणि देशात राहण्याचा हक्क हे चारही गेले, कारण चारही एकाच अर्थव्यवस्थेला बांधलेले होते. त्यानंतर नियम पुष्कळ सुधारले. बिल्डरने ग्राहकाचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचा कायदा 2007 पासूनच आहे, चेकचा कायदाही 2022 मध्ये सौम्य झाला. पण 2014 नंतर तिथल्या किमती पुन्हा पाच-सहा वर्षं उतरत राहिल्या, हे आजच्या तेजीत कोणी काढत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने तिथेच घरही घ्यायचं असेल, तर त्याने विचार करावा: ज्या दिवशी माझी नोकरी जाईल, त्याच दिवशी माझ्या घराचं गिऱ्हाईकही जाणार नाही ना?

आणि अस्थिरता नेहमी तिकडेच असते असं कोणी मानू नये. आपल्या सरकारचा हातही त्या दारावर असतो. निवासी भारतीयाला परदेशात पैसे पाठवायची मुभा देणारी रिझर्व्ह बँकेची योजना 2004 मध्ये 25 हजार डॉलरपासून सुरू झाली आणि दोन लाखांपर्यंत वाढली. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया कोसळायला लागला, तेव्हा ती मर्यादा एका दिवसात 75 हजारांवर आणली गेली आणि परदेशात घर घेण्यासाठी पैसे पाठवायला बंदीच घातली. पुढच्या वर्षी ती उठली. आज मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, कुटुंबातल्यांना आपापली मर्यादा एकत्र करता येते. पण तीन-चार वर्षांच्या हप्त्यांवर बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणाऱ्याने 2013 विसरू नये. रुपया कमकुवत होईल म्हणून तुम्ही तिकडे हप्ते सुरू करता; आणि रुपया खरोखर कमकुवत झाला, की नेमका तेव्हाच सरकार पैसे पाठवायचं दार आवळतं. आणि दार उघडं राहिलं, तरी हप्ता रुपयांत फुगत जातो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. या योजनेखाली भांडवली व्यवहारांसाठी परदेशी पैसे पाठवायला भारतीय बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे पैसा आपलाच हवा. वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर 20 टक्के कर आधीच कापून घेतला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते. दुबईत नोंदणीचं शुल्क 4 टक्के, दलालाचं साधारण 2 टक्के. बँक चलन बदलताना आपलं काढून घेते. प्रदर्शनाच्या टेबलावर क्रेडिट कार्डाने बुकिंगची रक्कम भरायला सांगितली, तर थांबा. परदेशात मालमत्ता घेणं हा ‘फेमा’ या परकी चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने भांडवली व्यवहार आहे, कार्ड पुढे करण्याआधी आपल्या बँकेकडून लेखी घ्या. घर रिकामं असलं, भाडं एक रुपया येत नसलं, तरी ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवावं लागतं. 2015 च्या काळा पैसा कायद्यात हे न दाखवल्याचा दंड दहा लाख रुपये आहे. ‘सी.ए. बघतील’ म्हणून सोडून देऊ नका; सी.ए.ना तुम्ही सांगितलंच नाही, तर ते काय बघतील?

आणि एक गोष्ट, जी बोलायला लोक बिचकतात. घर घेणाऱ्याच्या पश्चात काय? स्थावर मालमत्तेचा वारसा पुष्कळ ठिकाणी ती ज्या देशात आहे, तिथल्या कायद्याने ठरतो. तुर्कस्तानात तसंच आहे. दुबईत मुसलमानेतर लोकांसाठी मृत्युपत्र नोंदवायची वेगळी सोय 2015 मध्ये झाली, पण ते मृत्युपत्र आपणहून नोंदवावं लागतं. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायला तालुक्याच्या गावी किती खेटे पडतात, हे ज्याने पाहिलं आहे, त्याने आपल्या पत्नीला किंवा मुलीला परक्या देशात, परक्या भाषेत, वकिलाच्या मीटरवर तेच करायला लावण्याआधी दहादा विचार करावा.

मग कोणी घ्यावं? माझं मत सांगतो. मुलगा किंवा मुलगी तिथे स्थायिक आहे, त्याच चलनात कमावते, आज भाडं भरतेच आहे, आणि पुढची सात-आठ वर्षं तिथून हलणार नाही, तर तिने घर घ्यावं. अर्थव्यवस्था डळमळीत असली, तरी तिला राहायला छप्पर हवंच आहे. किंमत पडली, तरी ती त्यात राहील. आई-वडिलांनी मदत करायची तर करावी, पण घर तिच्या गरजेचं असावं, आपल्या परताव्याचं नव्हे. निवृत्तीनंतर तिथे खरोखर राहणार असाल, तर आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. हिवाळ्यात राहा, डॉक्टरकडे जा, वीजबिल भरा. सुट्टीतल्या दहा दिवसांवरून देश कळत नाही.

ज्याला फक्त रुपयाच्या घसरणीपासून बचाव हवा आहे, त्याने रिझर्व्ह बँकेच्या त्याच योजनेतून डॉलरमधले रोखे किंवा निर्देशांक फंड घ्यावेत. त्यात नळ गळत नाही, भाडेकरू नसतो, आणि गरज लागली तर लाखभर रुपयांपुरतेच विकता येतात. फ्लॅटची एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही.

आणि कितीही मोह झाला, तरी सही करण्याआधी एक काम कराच. तुम्हाला विकू पाहणाऱ्या दलालाला सोडा. त्या शहरातल्या दुसऱ्या एखाद्या दलालाला फोन करा आणि घेणारा म्हणून नव्हे, विकणारा म्हणून बोला. ‘माझा अमक्या इमारतीत असाच फ्लॅट आहे, मला दोन महिन्यांत विकायचाय, किती मिळतील, घेणारा कोण असतो, पैसे कोणत्या चलनात आणि किती दिवसांत हातात येतील?’ प्रदर्शनात ऐकलेला भाव आणि या फोनवर ऐकलेला भाव शेजारी शेजारी लिहा. त्यातून नोंदणी, दलाली, कर, चलनबदल वजा करा. उरलेला आकडा घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. ज्याच्या पगारातून वाकड-खराडीच्या किंवा डोंबिवलीच्या घराचा ईएमआय अजून जातोय, त्याने तर हा आकडा वाचून झाल्यावर माझं ऐकावं आणि परदेशातलं घर सध्या घेऊच नये.